गोळीचं मूळ नाव विचारून घ्या

किनवट तालुक्यातल्या माणसाचं दुखणं एका गावात भागत नाही. साधा ताप असला तर गावातला डॉक्टर, वाढला तर गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय. त्याहून मोठं निघालं तर कुणी नांदेडला जातं, कुणी यवतमाळला, कुणी सीमा ओलांडून आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयाला. शेत गहाण टाकायची वेळ आली की मग नागपूर नाही तर हैदराबाद. प्रत्येक ठिकाणचा डॉक्टर आपल्या सवयीच्या कंपनीची गोळी लिहितो. माणूस घरी परततो तेव्हा पिशवीत चार गावांची पाकिटं असतात, आणि महिन्याभरात ती संपली की किनवटच्या मेडिकलवर उत्तर मिळतं, ‘ही इकडं येत नाही.’ मग कुणी त्या एका पाकिटासाठी पुन्हा आदिलाबादची गाडी धरतं, आणि बरेच जण गोळीच सोडून देतात. बीपीची गोळी सोडलेला माणूस आठ-पंधरा दिवस ठणठणीत दिसतो. म्हणूनच ती सोडणं फार धोक्याचं आहे.

या सगळ्यावर एक उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. तुमच्या प्रत्येक गोळीला दोन नावं असतात. एक कंपनीनं ठेवलेलं, दुसरं औषधाचं स्वतःचं. कंपनीचं नाव त्या कंपनीपुरतं आणि तिचा माल जिथवर पोचतो तिथवर चालतं. औषधाचं मूळ नाव किनवटला, आदिलाबादला, मुंबईला आणि केनियालाही एकच असतं. हे मूळ नाव विचारून घ्या आणि घरात लिहून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. ते का करायचं आणि कसं, ते नीट सांगतो.

ही मूळ नावं कुणा एका देशानं किंवा कंपनीनं आपल्या मर्जीनं ठेवलेली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी औषधं भराभर निघू लागली आणि एकाच औषधाला प्रत्येक देशात वेगळं नाव पडू लागलं. तेव्हा १९५० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं ठराव केला की प्रत्येक औषधाला जगभर चालेल असं एक नाव असावं आणि त्यावर कुणाचीही मालकी नसावी. पहिली यादी १९५३ साली निघाली. आज अशी सात हजारांहून अधिक नावं ठरलेली आहेत आणि दरवर्षी शंभराहून जास्त नव्यानं ठरतात. कंपनी नाव सुचवते, तज्ज्ञांची समिती ते पारखते, मग ते जाहीर करून हरकतींसाठी चार महिने ठेवलं जातं. दुसऱ्या एखाद्या औषधाच्या नावाशी ते मिळतंजुळतं असेल, तर डॉक्टर, कंपनी, सरकार, कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत उरली नाही की नाव पक्कं. त्यानंतर ते सगळ्या जगाचं होतं. ते कुणालाही आपल्या नावावर करून घेता येत नाही.

स्पेलिंगचेही नियम आहेत. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना अडेल अशी अक्षरजोडणी टाळायची, ‘फ’साठी दोन अक्षरांऐवजी एकच वापरायचं, नाव फार लांब करायचं नाही. आपल्या तालुक्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, गोरमाटी, उर्दू अशा किती भाषा चालतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पॅरासिटामॉल मात्र या सगळ्या भाषांत पॅरासिटामॉलच असतं.

नावं ठेवणाऱ्यांनी आणखी एक फार शहाणपणाचं काम केलं. एका जातीच्या औषधांना त्यांनी एकसारखं शेपूट लावलं. हे शेपूट ओळखता आलं की पाकीट बरंच काही सांगू लागतं. नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असलं, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ते बहुधा बीपीचं असतं. ‘डिपिन’ असलेलं अॅम्लोडिपिनही बीपीचंच, पण दुसऱ्या जातीचं. अटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉल यांच्यातलं ‘ओलॉल’ सांगतं की औषध हृदयाचे ठोके आवरणारं आहे. अॅटोर्वास्टॅटिनमधलं ‘स्टॅटिन’ रक्तातल्या चरबीसाठी. सिटाग्लिप्टिन आणि व्हिल्डाग्लिप्टिन शुगरसाठी. ‘सिलिन’ म्हणजे पेनिसिलिनच्या घरातलं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही तिन्ही पोटातलं आम्ल कमी करणारी, आपण ज्यांना पित्ताची गोळी म्हणतो ती.

आता पिशवी उघडून बघा. नांदेडच्या डॉक्टरनं दिलेली पॅन्टोप्राझोल आणि गावात दिलेली ओमेप्राझोल अशा दोन्ही पित्ताच्या गोळ्या एकच माणूस सकाळी उपाशीपोटी घेत असण्याची शक्यता चांगलीच आहे. एका डॉक्टरची टेल्मिसार्टन आणि दुसऱ्याची लोसार्टन एकत्र चालू असेल तर ते नुसतं वाया गेलेल्या पैशाचं प्रकरण राहत नाही. बीपी नको तितकं उतरतं, मूत्रपिंडाला त्रास होतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. दुसऱ्यानं काय दिलंय ते त्यांना कळलेलं नसतं, कारण रुग्ण सांगतो, ‘एक गुलाबी गोळी आहे बघा, अन् एक बारकी पिवळी.’ रंगावरून औषध सांगता येत नाही. रंग कंपनीगणिक बदलतो.

एक इशारा इथंच देतो. शेपूट कळलं म्हणून स्वतःच डॉक्टर होऊ नका. अरिपिप्राझोलच्या शेवटीही ‘प्राझोल’ ऐकू येतं, पण ते मनाच्या आजाराचं औषध आहे. नुसतं ‘झोल’ तर जंतांच्या अल्बेन्डाझोलला आणि बुरशीच्या फ्लुकोनाझोललाही असतं. शेपटाचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करायचा. ‘डॉक्टरसाहेब, या दोन गोळ्यांच्या नावाचा शेवट सारखाच आहे, दोन्ही घ्यायच्या का?’ एवढं विचारलं तरी पुरे, उत्तर डॉक्टर देतील.

सगळ्यात जास्त घोटाळा पॅरासिटामॉलचा होतो, म्हणून त्याच्यावर थोडं थांबतो. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल या सगळ्यांत आहे ते पॅरासिटामॉलच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतं. अंगदुखीसाठी अॅसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅकची जी जोडगोळी मिळते तिच्यातही असतं. धडधाकट मोठ्या माणसानं दिवसभरात मिळून चार ग्रॅमच्या वर, म्हणजे पाचशेच्या आठ गोळ्यांच्या वर, ते घेऊ नये. दारू पिणाऱ्याला, अशक्त माणसाला किंवा यकृताचा आजार असलेल्याला त्याहून कमी. तापात फणफणलेला माणूस एका नावानं तापाची, दुसऱ्या नावानं सर्दीची आणि तिसऱ्या नावानं अंगदुखीची गोळी घेतो. आपण एकच औषध तीनदा गिळतोय याची त्याला कल्पनाही नसते, आणि यकृत हळूहळू बिघडत जातं. लहान लेकरांच्या बाबतीत तर फारच जपा. तापाचं पातळ औषध वेगवेगळ्या ताकदीचं येतं. बाटली बदलली की मापही बदलतं, म्हणून मूळ नावापुढचा मिलिग्रॅमचा आकडा आणि तो किती मिलीलिटरला आहे, दोन्ही वाचा.

कंपन्यांच्या नावांनी गोंधळ किती होतो हे सर्वोच्च न्यायालयानंही पाहिलं आहे. फॅल्सिपारम जातीच्या हिवतापासाठी दोन कंपन्यांची दोन औषधं बाजारात होती, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. नावं जवळजवळ जुळी, आत मात्र एकात आर्टेसुनेट आणि दुसऱ्यात मेफ्लोक्विन. २००१ साली न्यायालयानं सांगितलं की औषधांच्या नावांतलं साम्य इतर मालापेक्षा जास्त कडकपणे तपासलं पाहिजे. आपल्या देशात भाषा अनेक आहेत आणि वाचता न येणारी माणसं पुष्कळ आहेत, हेही त्यांनी लक्षात घेतलं. जंगलपट्टीच्या गावांना हिवतापाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तिथं एका औषधाऐवजी दुसरं हातात पडलं तर काय होईल, याचा विचार करा.

तरीही डॉक्टर कंपनीचंच नाव का लिहितात? हा वाद जुना आहे. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या समितीनं केंद्र सरकारला सांगितलं होतं की टप्प्याटप्प्यानं ब्रँडची नावं काढून मूळ नावं आणा. ते पुरतं झालं नाही. आपल्या महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना, डॉ. अनंत फडके आणि पुढं जन आरोग्य अभियान यांनी हा विषय मराठीतून वर्षानुवर्षं लावून धरला. डॉक्टरांसाठीच्या आचारसंहितेत २०१६ साली दुरुस्ती झाली की औषधं मूळ नावानं, वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं याहून कडक नियम आणले, डॉक्टरांच्या संघटनांनी गुणवत्तेची काळजी व्यक्त केली आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. जुनी आचारसंहिता मात्र कायम आहे. तेव्हा ‘साहेब, मूळ नावही लिहून द्या’ असं म्हणताना लाजू नका. डॉक्टरांनी जे करायचं ठरलेलंच आहे, तेच तुम्ही नम्रपणे मागताय.

मेडिकलवाल्याशी भांडू मात्र नका. चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असलं तर शेड्यूल एचमधलं औषध, म्हणजे ज्याला डॉक्टरची चिठ्ठी लागतेच ते, स्वतःच्या मनानं दुसऱ्या कंपनीचं देण्याची कायदा त्याला मुभा देत नाही, आत औषध तेच असलं तरीही. चिठ्ठीवरच मूळ नाव असलं की त्याचे हात मोकळे होतात. त्याच्याकडं जे असेल त्यातलं स्वस्त तुम्हाला मागता येतं. म्हणून मागायची जागा डॉक्टरची खोली. दुकानापर्यंत आल्यावर उशीर झालेला असतो.

मूळ नावानं विकल्या जाणाऱ्या औषधाला जेनेरिक म्हणतात. आता ‘जेनेरिक म्हणजे हलकं’ या समजाबद्दल. हा समज किनवटलाच काय, पुण्यालाही आहे. कायद्यानं जेनेरिक आणि ब्रँडच्या, दोन्ही गोळ्यांना एकाच भारतीय औषधकोशाच्या कसोट्या लागू आहेत. मूळ नावापुढं जी ‘आयपी’ अशी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती त्याच कोशाची. ब्रँडची गोळी महाग असते तिचं मोठं कारण जाहिरात आणि विक्रीचा खर्च. पण सगळं आलबेल आहे असंही मी सांगणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचं उघड झालं आणि पुरवठादारांवर गुन्हा नोंदला गेला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा रुग्ण दगावले होते. हे गुन्हे आहेत. तपासणी करणाऱ्या यंत्रणेला माणसं, प्रयोगशाळा आणि धाक मिळाला पाहिजे, अशी मागणी आपण सगळ्यांनी केली पाहिजे. पण कंपनीचं चकचकीत नाव छापलं की गोळी खरी ठरते, असं यातून निघत नाही. बनावट करणारा तर खपणाऱ्याच नावाची नक्कल करतो. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आहे का बघा. नावाजलेल्या तीनशे ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे, मोबाइलवर तो उघडला की मूळ नाव, बॅच आणि मुदत दिसते. संशय आला तर पाकीट टाकून न देता अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा.

भावाच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. जेनेरिक म्हणून दिलेल्या कित्येक पाकिटांवर छापील किंमत भरपूर असते आणि वर ‘सूट’ दिल्यासारखं दाखवलं जातं. सूट किती यापेक्षा हातातून पैसे किती गेले ते बघा. ‘जनऔषधी सुगम’ या अॅपवर मूळ नाव टाकलं की जनऔषधी केंद्रातला, म्हणजे सरकारी योजनेतल्या जेनेरिक औषधांच्या दुकानातला, भाव आणि जवळचं केंद्र कळतं. शहरात शिकणारं पोर घरी आलं की त्याच्याकडून एकदा बघून घ्या.

काही औषधांत मात्र कंपनी सारखी बदलू नये. फिट्ससाठीची फेनिटोइन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, यांचं प्रमाण जरा इकडंतिकडं झालं तरी त्रास होतो. ज्या कंपनीची चालू आहे तीच ठेवा, बदलायची वेळ आलीच तर आधी डॉक्टरला सांगा. गोळीच्या नावामागं एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असली तर ती हळूहळू विरघळणारी असते, तीही साध्या गोळीच्या जागी घेऊ नका आणि तोडूनही खाऊ नका.

जगात एकच नाव चालतं असं वर म्हटलं, त्याला थोडे अपवाद आहेत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला अॅसिटामिनोफेन म्हणतात. तिकडं गेलेला भाचा टायलेनॉलची बाटली आणतो, तिच्यात आपलं पॅरासिटामॉलच असतं. दम्याच्या साल्ब्युटामॉलला तिथं अल्ब्युटेरॉल म्हणतात. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचं म्हणजे सिकलसेलचं औषध. आदिवासी कुटुंबांत हा आजार आहे आणि त्यासाठी दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया, त्याचं आंतरराष्ट्रीय नाव हायड्रॉक्सिकार्बामाइड. दोन कागदांवर ही दोन नावं दिसली तर दोन औषधं समजू नका. याची मात्रा वजनावर ठरते आणि रक्त तपासत राहावं लागतं, म्हणून इथं चूक परवडत नाही.

एक गोष्ट मला फार लागते, ती स्पष्टच बोलतो. गावोगाव सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जातात. दोन तांबड्या, एक पांढरी, सकाळ-संध्याकाळ. खाल्ल्या की सांधे मोकळे होतात, भूक लागते, अंगात हुशारी येते, आणि माणूस पुन्हा तीच पुडी मागायला जातो. अशा पुडीत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. योग्य आजारात ते जीव वाचवतं. महिनोन् महिने नकळत खाल्लं तर शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो आणि ते अचानक बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. नाव नसलेली गोळी घरात आणू नका. देणारा कितीही ओळखीचा असो, ‘यात काय आहे ते लिहून द्या’ म्हणा. लिहून द्यायला नकार देणाऱ्याचं औषध घेऊ नका. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम थांबवू नका, उरलेल्या गोळ्या घेऊन सरकारी दवाखान्यात जा.

आता लिहायचं कसं. पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथं प्रत्येक गोळीत काय आहे ते लिहिलेलं असतं, तिथं मूळ नाव सापडेल. २०१८ पासूनच्या नियमानं एक किंवा दोन औषधं असलेल्या गोळीवर ते कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असायला हवं, जीवनसत्त्वांच्या मिश्रणाला तेवढी सूट आहे. तरी नजर रंगीत नावाकडंच जाते, म्हणून जरा शोधा. दुकानदार चार गोळ्या कापून देताना नावाचा आणि मुदतीचा तुकडा बहुधा स्वतःकडं ठेवतो. तेव्हा कापण्याआधी पाकिटाचा मोबाइलवर फोटो काढा. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर त्याला वहीत उतरवायला लावा, इंग्रजीत जसंच्या तसं आणि शेजारी मराठीत. लेकरू नसेल तर आशाताईंना सांगा.

कागदावर माणसाचं नाव, वय, आजार. खाली प्रत्येक औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कुणी आणि केव्हा सुरू केलं. ज्या औषधानं अंगावर गांधी उठल्या, दम लागला, त्याचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. पेनिसिलिन सोसत नसलेल्याला अमॉक्सिसिलिन दुसऱ्या कोणत्याही नावानं दिलं तरी तोच धोका असतो, आणि बेशुद्ध माणसाच्या खिशातला कागदच डॉक्टरला ते सांगू शकतो. डॉक्टरनं काही बंद केलं तर त्यावर काट मारून तारीख टाका. नवा कागद केला की जुना फाडून टाका, नाही तर कुणी तोच दाखवील.

दसरा झाला की आपली माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीला, हैदराबादला बांधकामावर जातात. निघण्यापूर्वी हा कागद दोन प्रतींत करा, एक सोबत, एक घरी, आणि फोटो नात्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवर. क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि बाकीची नावं, सोबत निक्षयचा, म्हणजे क्षयरोगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर लिहा. जिथं जाल तिथल्या सरकारी दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात तो कागद दाखवा, औषधं तिथंही फुकट मिळतात आणि एकही दिवस खाडा पडू द्यायचा नाही.